मदतीची कळ

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं. तेव्हां विद्यापीठांविषयीं मीं बोलावें हें कोणास धाडसाचें वाटेल. परंतु साठ साठ मुलांच्या वर्गापुढें ज्यानें जन्म घालविला, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. "समजलें का?" असें विचारलें म्हणजे सारा वर्ग एका सुरांत "हो" म्हणतो, आणि ज्याला समजलेलें नसतें तोहि त्यांत सूर मिळवितो. माझ्या वर्गांतील असा एक मुलगा अपूर्णांकांत अडला, वर्षभर गप्प राहिला आणि वार्षिक परीक्षेनंतर शाळेंत पुन्हां दिसला नाहीं. तो कोठें अडला होता हें मला त्याच्या उत्तरपत्रिकेवरून कळलें. पण तोंवर उशीर झाला होता. हल्लीं विद्यापीठें आपल्या संगणकावरील वर्गांत प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळें साहाय्य देणारीं साधनें बसवीत आहेत. त्यांचा इतिहास वाचतांना तोच मुलगा माझ्या डोळ्यांपुढें येतो. अशा गप्प राहणाऱ्या मुलाला या साधनांनीं काय दिलें, एवढेंच आज पाहूं.

१९५३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ स्किनर आपल्या मुलीच्या शाळेंत गणिताचा तास पाहावयास गेले. कांहीं मुलें उदाहरणें संपवून स्वस्थ बसलीं होतीं, कांहीं मध्येंच अडलीं होतीं, आणि आपलें उत्तर बरोबर कीं चूक हें कोणालाच लागलीच कळत नव्हतें. त्यानंतर त्यांनीं जें शिक्षणयंत्र केलें, त्यांत प्रत्येक मूल आपल्या चालीनें पुढें जाई व प्रत्येक उत्तराचा निकाल तत्काळ पाही.

पुढें १९६० सालीं इलिनॉय विद्यापीठांत डोनाल्ड बिट्झर यांनीं 'प्लेटो' नांवाची योजना आरंभिली. विद्यापीठाच्याच 'इलियाक' या अवाढव्य संगणकावर ती चाले. प्रारंभीं एका वेळीं एकच विद्यार्थी तिच्यापुढें बसूं शके. या योजनेच्या आरंभीच्या कळफलकांवर 'मदत' अशी एक कळ होती. प्रश्न अडला कीं ती दाबावी. मग यंत्र मुख्य पाठ बाजूस ठेवून सोप्या पायऱ्यांची वाट दाखवी. उमज पडली कीं 'अहा' नांवाची दुसरी कळ दाबून विद्यार्थी मूळ प्रश्नाकडे परत येई. कल्पना मोठी गोड खरी! परंतु मदतीची कळ दाबावयाची तर आपल्याला समजलेलें नाहीं हें आधीं स्वतःशीं कबूल करावें लागतें. माझ्या त्या मुलानें ती दाबली असती काय?

यापुढची पायरी संगणकांच्या जाळ्यामुळें आली. ऑस्ट्रेलियांतील कर्टिन विद्यापीठांत काम करणारे मार्टिन डुगियामस यांचें बालपण ओसाड मुलखांत गेलें. तेथें शाळेचे धडे रेडिओवरून येत. आमच्या या भाषणांत मी बोलतों आणि आपण ऐकतां; त्या रेडिओवर मूलहि उलट बोलूं शके. याच गृहस्थांनीं २००२ सालीं 'मूडल' ही अध्यापनाची संगणकप्रणाली प्रसिद्ध केली, व ती देशोदेशींच्या विद्यापीठांत पसरली. अशा प्रणालींत विद्यार्थी किती वेळां आला, कोणता पाठ त्यानें उघडलाच नाहीं, याची नोंद आपोआप राहते.

या नोंदींचा उपयोग अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठानें २००७ च्या सुमारास केला. गुण, पूर्वीचा अभ्यास आणि या नोंदी यांवरून गणित मांडून प्रत्येक विद्यार्थ्यापुढें हिरवा, पिवळा किंवा तांबडा दिवा लावावयाचा, व अध्यापकानें त्याला पत्र धाडावयाचें, अशी ती योजना होती. येथें प्रथमच गप्प राहणारा मुलगा कळ न दाबतां दिसूं लागला. मात्र तिच्या यशाचे आंकडे २०१३ सालीं टीकेस पात्र ठरले. असे दिवे असलेले दोन वा अधिक विषय घेणारे विद्यार्थी विद्यापीठांत अधिक टिकतात, असें सांगितलें जात होतें. टीकाकारांनीं दाखविलें कीं, जे टिकतात तेच साहजिक अधिक विषय घेतात! दिवा लागला म्हणजे अंधार गेलाच, असें नव्हे.

२०१६ सालीं जॉर्जिया टेक येथें अशोक गोयल या प्राध्यापकांनीं 'जिल वॉटसन' नांवाचा यांत्रिक साहाय्यक आपल्या वर्गांत बसविला. विद्यार्थी सुमारें ३००, आणि त्यांचे संदेश एका सत्रांत जवळजवळ १०,०००! उत्तराची शेंकडा ९७ खात्री असेल तरच हा साहाय्यक बोले. एरव्हीं प्रश्न माणसांकडे राही. आपण यंत्राशीं बोललों हें विद्यार्थ्यांना सत्राच्या अखेरीस कळलें.

मला या हकीकतींत यंत्राच्या बोलण्यापेक्षां त्याच्या गप्प राहण्याचें अधिक कौतुक वाटतें. आपल्याला ठाऊक नाहीं तेथें त्यानें जागा सोडली. तेच तेच प्रश्न यंत्रानें उचलले तर अध्यापकाचा वेळ वांचतो, हें खरें. पण तो वेळ जातो कोठें, यावर सारें अवलंबून आहे. वांचलेल्या वेळाचा हिशेब विद्यापीठानें पगाराच्या बचतींत मांडला, तर तांबडा दिवा नुसताच जळत राहील. मुलगा कोठें अडला हें यंत्र सांगूं शकेल. तो गप्प कां, हें त्याच्याजवळ जाऊन बसणाऱ्यालाच कळतें. माझ्या वर्गांत दिवा नव्हता, ही माझी सबब झाली. ज्यांच्यापुढें दिवा आहे, त्यांना ती सबब उरलेली नाहीं.