साथ, ‘अंतर’ आणि ग्राम-आरोग्य कार्यकर्ती

साथीच्या रोगासंबंधी आरोग्य कार्यकर्त्यांचे ज्ञान आणि त्यांची वृत्ती यांचा उल्लेख बहुधा एकत्रच केला जातो. वस्तुतः या दोहोंचा इतिहास भिन्न आहे. ज्ञान प्रत्येक नव्या साथीबरोबर नव्याने संपादावे लागते. वृत्ती मात्र साथ येण्यापूर्वीच घडलेली असते. या दृष्टीने अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण उद्बोधक आहे.

इ. स. १९१८ मध्ये इन्फ्ल्युएन्झाची साथ महाराष्ट्रात पसरली, तेव्हा लोकांनी तिला ‘मानमोडी’ असे नाव दिले. तिचा विषाणू वैद्यकशास्त्रासही अज्ञात होता. मानवी इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू १९३३ मध्ये प्रथम हाती लागला. २०२० ची स्थिती याच्या नेमकी उलट होती. करोना विषाणूची जनुकीय रचना जानेवारीतच प्रसिद्ध झाली, आणि रोगासंबंधीचे शब्दही लोकांच्या तोंडून न येता शासकीय सूचनांतून खेड्यांत उतरले. ‘विलगीकरण’, ‘सामाजिक अंतर’ हे शब्द घरोघर उलगडून सांगण्याचे काम आशा कार्यकर्त्यांच्या वाट्यास आले.

यांपैकी ‘सामाजिक अंतर’ हा शब्द विशेष विचारणीय ठरतो. अभिप्रेत होते ते दोन शरीरांतील अंतर; शब्दाने सुचविले ते समाजातील. जेथे शिवाशिव आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांचा इतिहास आहे, तेथे हा शब्द कोरा असणे शक्यच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ या अर्थाच्या शब्दाचा पुरस्कार केला. तथापि तोवर पहिला शब्द रूढ झाला होता.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देण्यात आले. त्यांतील पुष्कळजणी निरक्षर होत्या, आणि त्या निरनिराळ्या जातींतून आलेल्या होत्या. त्या एकत्र शिकत, एकत्र जेवत. कुष्ठरोग्यांवर निराळ्या वसाहतीत न पाठविता इतर रोग्यांबरोबरच उपचार करण्याचे धोरण प्रकल्पाने स्वीकारले. अतिसार, बाळंतपण, बालकांचे पोषण या विषयांबरोबरच सामाजिक अंतर मोडणे हादेखील या शिक्षणाचा भाग होता. अर्धशतकानंतर तीच शब्दजोडी पाळावयाचा नियम म्हणून गावांत आली, हा भाषेतील एक मार्मिक विरोधाभास होय.

प्रश्नावलीने कार्यकर्तीचे ज्ञान मोजता येते. रोग कसा पसरतो, लक्षणे कोणती, हात कसे धुवावेत, यांची उत्तरे काही दिवसांत शिकविताही येतात. रोग्याच्या उंबऱ्याशी उभे राहून, त्याला बहिष्कृत न ठरविता दूर राहण्यास सांगणे, ही मात्र निराळी विद्या आहे. तिच्यासाठी लागणारा विश्वास साथीच्या धांदलीत निर्माण होत नाही. तो साथ नसतानाच्या वर्षांत मिळवावा लागतो. आरोग्यशिक्षणाच्या इतिहासात जामखेडचे महत्त्व आहे ते याचसाठी.