शिवन्या : एका नव्या नावाचा शोध

पुतणीच्या मुलीचे बारसे पारनेरला आमच्या घरी झाले. बाळाच्या आत्याने कानात कुर्र करून नाव सांगितले, 'शिवन्या'. माझ्या आईने ते दोनदा विचारून घेतले आणि घुगऱ्यांची वाटी हातात तशीच धरून म्हणाली, "आरं, हे पोरीचं नाव का पोराचं?"

सगळे हसले, पण भाषेच्या अंगाने तिचा प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे सुनीलचा सुन्या होतो, अनिलचा अन्या, गणेशचा गण्या. शेवटी 'न्या' आला की तिच्या पिढीला गल्लीत हुंदडणारा पोरगा दिसतो. पुतणीला मात्र ते लागले असावे. जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "काका, पुस्तकात 'शिवाचा अंश' असा अर्थ दिलाय. तुम्ही एकदा बघून सांगा." मी बघायला बसलो, आणि बघता बघता प्रश्न एका नावापुरता राहिला नाही.

वामन शिवराम आपट्यांच्या संस्कृत कोशात 'शिवन्या' नाही. मोल्सवर्थच्या मराठी कोशातही नाही. 'शिवाचा अंश' हा अर्थ 'शिवांश' या नावाचा आहे. तो शेजारच्या नावावरून इकडे आलेला दिसतो. 'शिव' आणि 'अन्या' यांचा संधी केला तर 'शिवान्या' होईल, 'शिवन्या' नव्हे. मग हा 'न्या' आला कुठून? माझ्या मते 'अनन्या'वरून. 'अनन्या' हा शुद्ध शब्द आहे: अन् अधिक अन्या, जिच्यासारखी दुसरी नाही ती. त्यातला 'न्या' हा 'अन्या'चा तुकडा. एकटा काढला तर त्याला अर्थ उरत नाही. पण कानाला तो गोड लागला, आणि 'शिव'ला जोडला गेला. व्याकरणाने ज्याला प्रत्यय मानले नाही, त्याला पालकांनी प्रत्यय केले.

याला कारणे आहेत. बारशाआधी पंचांग उघडले जाते. शततारका नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे गो, सा, सी, सू. 'सी' आले की 'शि'ही चालवून घेतात. त्या अक्षरावरून नाव हवे, ते भावकीत कुणाचे नसावे, आणि जुनेही वाटू नये. एवढ्या अटींत बसणारी तयार नावे लवकर संपतात. मग नवी घडवावी लागतात. त्यात 'शिव' म्हटले की आपल्याकडे शंकराबरोबर शिवरायही मनात येतात. पारनेरला लागूनच जुन्नर तालुका, त्यात शिवनेरी. गडावरच्या शिवाई देवीवरून शिवरायांचे नाव ठेवले, अशी परंपरा सांगते.

आणि दूरदर्शन संच. १ नोव्हेंबर २०१५ रोजी 'कलर्स' वाहिनीवर 'नागिन' ही हिंदी मालिका सुरू झाली. मौनी रॉय यांनी रंगवलेल्या नायिकेचे नाव शिवन्या. आईवडिलांच्या हत्येचा सूड घेणारी ही इच्छाधारी नागीण. मालिकेने नाव घडवले असे मी म्हणत नाही. घराघरांत पोचवले, एवढे नक्की. नाव ठेवताना नागीण कुणाच्या मनात नसते. कानात राहिलेला नाद तेवढा असतो.

यावर नाक मुरडणाऱ्यांना मी १८८०ची आठवण देतो. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. रंगमंचावरून घरात येणारी नावे तेव्हाही होती. मालिका हा नवा रंगमंच. शकुंतलेच्या नावाची महाभारतातली कथा तर ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मेनकेने टाकून दिलेल्या मुलीला शकुंत पक्ष्यांनी राखले, म्हणून कण्वांनी तिला शकुंतला म्हटले. मूल टाकले गेले याची खूण नावात राहिली नाही; ज्यांनी सांभाळले त्यांची राहिली.

आपल्या गावगाड्यात याच्या उलटही घडले. मुलीवर मुली झाल्या की पुढच्या मुलीचे नाव 'नकुशी' ठेवायचे, म्हणजे आता मुलगी नको. हा फार जुना काळ नाही. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचे जाहीर समारंभात नव्याने नामकरण झाले. काहींनी ऐश्वर्या हे नाव घेतले, म्हणजे तिथेही पडदाच मदतीला आला. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८९४; दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. आमचा नगर जिल्हा राज्याच्या सरासरीच्याही खाली होता.

आमच्या घरात सून म्हणून आलेल्या एका चुलतीचे माहेरचे नाव मला तिच्या निधनानंतर कळले. तेही याच जातीचे होते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले आणि पहिले पुसले. ते पुसले गेल्याचे तिला दुःख झाले असेल की सुटका वाटली असेल, हे विचारायचे राहून गेले. त्या नावाला अर्थ होता. स्पष्ट होता, सगळ्या गावाला कळत होता.

देवघरातली नावेही तपासून पाहिली. शिवानी, भवानी, रुद्राणी, इंद्राणी. पाणिनीच्या व्याकरणात हा 'आनी' पत्नी दाखवतो: शिवाची पत्नी, भवाची पत्नी. नावे सुंदर आहेत, देवता थोर आहेत. पण शब्दाची घडण नवऱ्याच्या नावावर उभी आहे. 'शिवन्या' ही व्याकरणात न बसणारी पोर मात्र कुणाचीच पत्नी नाही. नाव घडवणाऱ्यांच्या हे मनातही नसेल. तरी जे झाले ते मला बरे वाटते.

पाळण्यात मिळालेले नाव पुरते, असे आमचे पारनेर तरी म्हणू शकत नाही. 'शाकुंतल' रंगभूमीवर आल्यानंतर बाराच दिवसांनी, १२ नोव्हेंबर १८८० रोजी, इथे पांडुरंग महादेव बापट जन्मले. विठ्ठलाचे नाव घेऊन वाढलेल्या या माणसाला मुळशी सत्याग्रहाने 'सेनापती' केले, आणि आज लोक त्याच नावाने ओळखतात. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या किसन बाबुराव हजारे यांना देश 'अण्णा' म्हणतो. दोघांच्याही नावांचा जो अर्थ आज आपण घेतो, तो बारशाच्या दिवशी कोणत्याच कोशात नव्हता.

पुतणीला मी जे सापडले ते सांगितले. ती थोडी खट्टू झाली. "म्हणजे अर्थ नाहीच?"

"कोशात नाही," मी म्हणालो. "पण तुला ही पोर हवी होती, म्हणून तू महिनाभर नाव शोधत बसलीस. तेवढा अर्थ आमच्या घरातल्या एका बाईच्या वाट्याला आला नव्हता."

मग तिने जन्मदाखला दाखवला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नावही लागते. आधी शिवन्या, मग पुतणीचे नाव, मग जावयांचे, मग आडनाव. चुलतीचे नाव तांदळावर पुसले गेले होते. पुतणीचे तिच्या मुलीच्या दाखल्यावर छापलेले होते.

आईने अजून ते नाव पूर्ण उच्चारलेले नाही. तिने 'शिवू' करून घेतले आहे, आणि पोर त्या हाकेला वळून बघते.