मुलचेऱ्याच्या बाजारातला क्युबा

1966 चा पावसाळा आहे. तुम्ही मुलचेऱ्यात उभे आहात. गडचिरोली जिल्हा शोधू नका, तो व्हायला अजून 16 वर्षं आहेत. हा सगळा मुलूख चंद्रपुरात मोडतो. बाजूला साग, ऐन, मोह, आणि पायाखाली घोट्यापर्यंत चिखल. रेशनच्या रांगेत पोतं सोडलं जातं. आतून तांबूस, टणक दाणे घरंगळतात. मिलो, अमेरिकेची लाल ज्वारी. जन्मभर भातावर वाढलेली झाडीपट्टीतली म्हातारी ओंजळ हुंगते आणि तुमच्याकडे वळून म्हणते, "हे तं ढोरायले घालाचं हाय जी."

बाई चूक नाही. तिकडे ही ज्वारी मुख्यतः गुरांसाठीच पिकते. पण सलग दुसऱ्या दुष्काळात नावं ठेवायची सोय नसते. पी. एल. 480 या अमेरिकी कायद्याखाली हे धान्य बोटीनं येतं, आणि पुढची बोट कधी सोडायची हे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन स्वतः ठरवतात. भारतानं शेतीधोरण बदलावं ही त्यांची एक अट, आणि व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल आपण बोलतो त्याचा रागही आहेच. 6 जूनला रुपया पडलाय: डॉलरला 4.76 होता, आता 7.50. रांगेतल्या कुणालाही हे ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगून मिलो शिजायला सोपा होत नाही.

पाच वर्षं पुढे चला. 1971 चा डिसेंबर. रान तोडून काढलेल्या जमिनीवर नव्या वस्त्या बसल्या आहेत. विवेकानंदपूर, सुंदरनगर अशी त्यांची नावं. पूर्व पाकिस्तानातून उखडलेली बंगाली माणसं रायपूरजवळच्या माना छावणीसारख्या मुक्कामांत दिवस काढून इथे आली. पाण्याच्या मुलखातली माणसं, आता जंगलात धानाच्या बांध्या घालतात, तळी खोदून मासे सोडतात. आदिवासी शेजारी लांबून पाहतात, त्यांचं रान गेलंय. या हिशोबाबद्दल दिल्लीत कुणी फार बोललेलं नाही.

एका अंगणात ट्रान्झिस्टरभोवती दाटी आहे. ढाक्यात 25 मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्करानं कत्तल सुरू केली. तिथल्या अमेरिकी वकिलातीतल्याच माणसांनी 6 एप्रिलला वॉशिंग्टनला तार करून आपल्या सरकारच्या मौनाचा निषेध केला होता, आर्चर ब्लड यांच्या कचेरीतून. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना पाकिस्तानचे याह्याखान हवे होते. चीनकडे जाणारी वाट त्यांच्या अंगणातून जात होती. एक कोटी निर्वासित भारतात आले तरी वॉशिंग्टनचं मत हललं नाही. आता युद्ध पेटताच भारताची आर्थिक मदत रोखली आहे आणि एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली आहे. अंगणातला एक म्हातारा हे ऐकून कुणाला तरी शिवी हासडतो. बंगालीत, म्हणून तुम्हाला नीट कळत नाही. 16 तारखेला पाकिस्तानी फौजेची शरणागती होते. अंगणात बायकांचा उलुध्वनी घुमतो.

आणखी तीन वर्षं. 1974 चा नोव्हेंबर, बाजाराचा दिवस. सुकटीच्या ढिगामागे बसलेला माणूस तुम्हाला बसायला बारदान देतो. तिकडे, आता बांगलादेश झालेल्या मुलखात, मागे राहिलेल्यांचे हाल त्याच्या कानावर आले आहेत. ब्रह्मपुत्रेच्या पुरानं मजुरी गेली, तांदूळ आवाक्याबाहेर गेला. रंगपूरला सर्वांत वाईट परिस्थिती. सरकारनं हजारो लंगरखाने उघडले. किती मेले? सरकारी आकडा 26,000, इतरांचे अंदाज त्याच्या कित्येक पट.

"दादा, अमेरिकेनं धान्य थांबवलं म्हणतात. खरं?"

खरं, तुम्ही सांगता. बांगलादेशानं क्युबाला तागाची 40 लाख पोती विकली. क्युबाशी व्यापार करणाऱ्याला पी. एल. 480 चं धान्य द्यायचं नाही, असं अमेरिकी कायदा म्हणतो. ढाक्यानं निर्यात बंद केली, तोवर दुष्काळ येऊन ठेपला होता. बोटी पोचेपर्यंत तो बराचसा ओसरलेला असेल.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळं खापर वॉशिंग्टनवर फोडणं सोयीचं असलं तरी पुरं खरं नाही. त्या वर्षी देशात तांदूळ तसा कमी नव्हता, हे अमर्त्य सेन पुढे आकडेवारीनं दाखवतील. मजुराच्या हातात पैसा नव्हता, साठेबाज होते, सरकारही गाफील होतं. पण सरकारी कोठारात धान्य असतं तर बाजार घाबरला नसता. कायद्यानं दुष्काळ घडवला नाही, दुष्काळात हात मात्र आखडला. आणि शेजाऱ्याची कोंडी करण्यात आपण सोवळे आहोत असंही नाही. 1989 मध्ये नेपाळच्या सीमेवरची बहुतेक नाकी दिल्लीच बंद करील.

"क्युबा कुठं आहे?"

"अमेरिकेच्या अगदी दाराशी. मध्ये नव्वद मैल समुद्र."

माणूस हातातल्या तागडीकडे पाहतो. "आमच्या पोत्यात त्यांनी साखरच भरली असणार ना? बंदूक तर पोत्यात भरत नाहीत."

"इजिप्तनंही क्युबाला कापूस विकला होता. त्याला सवलत मिळाली."

"का?"

"इजिप्तला रशियाच्या गोटातून फोडायचं होतं. किसिंजर त्याच खटपटीत होते. ढाक्यालाही येऊन गेले, 30 ऑक्टोबरला."

"म्हणजे आम्ही आधी रशियाशी घट्ट दोस्ती करायला हवी होती," तो म्हणतो, "मग त्यांनी आम्हाला फोडायला धान्य पाठवलं असतं." समोर गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं. तो सांगतो, घासाघीस होते, आणि पाव किलो सुकट कागदात बांधली जाते.