शुक्रवारची पापडी

वसई रोड स्टेशनावर उतरून किल्ल्याकडे निघालं, की मध्येच पापडी नाका लागतो. स्टेशनची गर्दी मागे पडलेली असते आणि पारनाका, तहसील कचेरी, किल्ला अजून पुढे असतात. पर्यटक पापडी बघतात ती बसच्या खिडकीतून, तेवढीच. वसईचा इतिहास लिहिणाऱ्यांचंही तसंच होतं. ते सोपाऱ्याच्या स्तूपापासून सुरू करतात आणि थेट किल्ल्याच्या तटावर चढतात. मधल्या गावातली माणसं तटाच्या दोन्ही बाजूंना भाजी विकत होती, हे त्यात येत नाही.

आमच्या घरात आठवडा शुक्रवारी सुरू व्हायचा, कारण पापडीचा बाजार शुक्रवारचा. पहाटेपासून रस्त्याच्या कडेला टोपल्या उतरायच्या. कोळणी बसायच्या एका अंगाला, बोंबील, सोडे, जवळा, सुकट घेऊन. वाडीवाले वेलची केळी, तोंडली, भोपळे, आळू आणायचे. कुंभाराची मडकी, बुरडाची सुपं, कापडाचे ठेले, पत्र्याच्या डब्यांना बूड बसवून देणारा एक म्हातारा, सगळं एका दमात. मे महिन्यातले शुक्रवार सगळ्यांत तुंबळ, कारण आगोटची खरेदी. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून सुकी मासळी, कांदे, मसाल्याच्या मिरच्या भरून ठेवायच्या. त्या बाजारातून परतलेल्या माणसाला घरात घेण्याआधी आजी अंगणातच हातपाय धुवायला लावायची, इतका त्याच्या अंगाला वास.

आता गंमत अशी, की त्याच एका शुक्रवारचे आमच्या आळीत वेगवेगळे अर्थ होते. आम्ही ख्रिस्ती. उपवासकाळातल्या शुक्रवारी घरात मांस शिजत नसे, संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाची वाट असे. शेजारच्या वाडवळ काकी श्रावणात शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीला लावून पुजायच्या आणि १९७५ साली संतोषीमातेचा सिनेमा आल्यावर त्यांनी सोळा शुक्रवारही धरले. त्यात आंबट चालत नाही, त्यामुळे चिंच विकणारीला त्या दुरूनच हात हलवायच्या. टांगेवाले चाचा शुक्रवारी दुपारी घोडा झाडाखाली बांधून जुम्म्याच्या नमाजाला जायचे आणि गिऱ्हाइकं टांग्यात बसून वाट बघायची. कोणी कुरकुरलंच, तर आजी म्हणायची, ‘बस बाय, घोड्यालाबी विसावा नको का?’

या सगळ्यांना मी सलोखा म्हणत नाही. तो शब्द भाषणात वापरून वापरून गुळगुळीत झालाय. चिंचवालीला उपासाचा दिवस पाठ असावा लागे, कारण नाहीतर माल पडून राही. सुकटवालीला नाताळ कधी, मोहरम कधी, श्रावण कधी लागतो, हे पंचांग बघणाऱ्या भटजीपेक्षा नेमकं ठाऊक असे. एकमेकांचा धर्म आम्हाला शाळेत कोणी शिकवला नाही. तो बाजारात, उधारीच्या वहीतून कळत गेला.

इतिहास मात्र प्रत्येकाचा ज्याचा त्याचा होता आणि तो कोणी सोडायला तयार नसे.

शाळेतले मास्तर चिमाजी अप्पांची मोहीम सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. १७३९चा तो वेढा, तटाखाली पेरलेले सुरुंग, पडलेले बुरूज आणि ती प्रसिद्ध गोष्ट, किल्ला हाती येत नसेल तर माझं मस्तक तोफेतून आत टाका असं अप्पा म्हणाले ती. आम्ही पोरं श्वास रोखून ऐकायचो. ‘फिरंगी’ हा शब्द आला, की मास्तर क्षणभर थांबून आमच्याकडे बघायचे. वर्गातली अर्धी पोरं लोपीस, डिमेलो, परेरा. मास्तरांना वाटे, आपण काही लागेल असं तर बोललो नाही? आम्हाला काहीच वाटत नसे. आम्ही मनातल्या मनात मराठ्यांच्याच बाजूनं तट चढलेलो असायचो.

घरी येऊन हे सांगितलं, की आजी वेगळंच सांगायची. तिच्या सासूनं तिच्या सासूकडून ऐकलेलं. तिच्या गोष्टीत बुरूज नव्हते, तोफा नव्हत्या. त्यात देवळं जळाली होती (चर्चला ती देऊळच म्हणायची), घंटा उतरवून नेल्या होत्या आणि मग फिरंगी पाद्री जहाजात बसून निघून गेले. ‘ते गेले. त्यांचा गाव व्हता, ते गेले. आमी कुटं जानार? आमची वाडी हितं.’ तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळायची मोकळीक होती, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीला तह माहीत नव्हता. तिला एवढंच माहीत होतं, की नंतर गोव्याकडचे, आपल्यासारखे काळेसावळे पाद्री आले आणि मिस्सा पुन्हा सुरू झाली. पापडीचं अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च सोळाव्या शतकात उभं राहिलेलं. मे १९९८मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला, तेव्हा तेच कॅथिड्रल ठरलं. आजी तोवर नव्हती. असती तर बिशपांचं आसन आपल्या गावात आलं, याचा तिनं बाजारात चांगलाच तोरा मिरवला असता.

चाचांना या दोन्ही गोष्टी अलीकडच्या वाटायच्या. लगाम हातात घेऊन ते मागे न बघता सांगायचे, ‘पोरी, तुमचा चिमाजीबी नंतरचा आन् फिरंगीबी नंतरचा. आदी हितं गुजरातचा सुलतान. बहादूरशहानं दिली म्हनून वसई फिरंग्याला मिळाली.’ हेही खरंच होतं. १५३४ साली हुमायूनच्या धाकानं मदत शोधणाऱ्या बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगिजांना दिली. वाडवळ काकी मग त्याहूनही मागे जायच्या. आम्ही बिंबराजाबरोबर आलो, म्हणायच्या, महिकावतीच्या बखरीतला राजा तो. आणि चुलीपुढे बसून हळूच पुस्ती जोडायच्या, ‘तुम्हीसुद्धा तेव्हा आमच्यातच होतात.’ आजी यावर हो म्हणायची नाही, नाहीही म्हणायची नाही. पण लग्नात हळद लावायची, मांडव घालायचा, बँड लावून विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जायचं, हे तिनं चर्चच्या विधीइतकंच काटेकोर सांभाळलं.

कोळीण बाई मात्र या वादात कधी पडली नाही. तिला विचारलं तर म्हणाली, ‘राज्य कोनाचंबी असू दे, बोंबील उन्हातच वाळतो.’

घंटांच्या गोष्टीचा मी पुढे माग काढला. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांत टांगल्या, भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकला. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली सगळ्यांत प्रसिद्ध. तिच्यावर १७२१ साल आहे. मोठ्या आवाजाच्या बाईला नारोशंकरी घंटा म्हणतात, ते हिच्यामुळे. आत्याला मी ती दाखवायला नेलं होतं. पंचवटीत गोदावरीच्या काठी उभं राहून तिनं वर पाहिलं आणि विचारलं, ‘वाजवतात ना अजून?’ वाजते म्हटल्यावर तिचं समाधान झालं. परत द्या, असं काही तिच्या मनातही आलं नाही. मला मात्र आलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही.

वडीलधाऱ्यांच्या गोष्टींत राजेराजवाडे पुष्कळ असले, तरी पापडीला घडवणारी माझ्या मते सगळ्यांत मोठी घटना १९१८ सालची आहे आणि तिच्यात एकही तोफ उडाली नाही. वसईचा बागायतदार तेव्हा केळी, पानवेली, फुलं पिकवायचा. पहाटेच्या गाडीनं माल मुंबईला जायचा, तेव्हा स्टेशनाचं नाव बसीन रोड होतं. घाम त्याचा, पण पैसा सावकाराचा. बियाण्याला कर्ज, लग्नाला कर्ज आणि एक पीक गेलं की वाडीच गहाण. मोन्सिनोर पी. जे. मोनीस या वसईतल्या धर्मगुरूंनी त्या वर्षी एक पतसंस्था काढली. तीच आजची बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. तिचं मुख्य कार्यालय आमच्या पापडी नाक्यावर आहे.

आजोबा ही गोष्ट सांगताना गहाणखताचा कागद परत आल्याचा दिवस सांगायचे. कागद हातात घेऊन त्यांचे वडील वाडीभर फिरले, प्रत्येक माडाला हात लावला. हे खरं की आजोबांनी त्यात रंग भरला, कोण जाणे. पण बँकेच्या इमारतीवरून जाताना ते टोपी काढायचे, तीही चर्चपुढे काढायची तशी, हे मी स्वतः पाहिलंय. संस्था कॅथॉलिकांनी कॅथॉलिकांसाठी उभारली, नावातही ते आहे. आज तिच्या खिडकीपुढच्या रांगेत बुरखाही असतो, नऊवारीही असते आणि भय्याचं बनियनही.

या गावात भांडणं नव्हती, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. दोन धर्मांतलं लग्न ठरलं, की दोन्ही घरांची दारं वर्षानुवर्षं बंद झाल्याची उदाहरणं आमच्या आळीत आहेत. जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत होती तेव्हा एका शुक्रवारी आमच्या घरातून कोणी बाजाराला गेलं नाही. चाचा तोवर थकले होते, टांगे जाऊन रिक्षा आल्या होत्या. त्यांच्या सुनेनं पुढच्या आठवड्यात केळी न्यायला आल्यावर काही विचारलं नाही, आम्हीही काही सांगितलं नाही. केळ्यांचा भाव मात्र दोघींनी नेहमीपेक्षा कमी घासाघीस करून ठरवला.

त्यानंतरची गोष्ट जमिनीची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला वसई-विरारचा पट्टा बांधकामासाठी खुला झाला, सिडको आली आणि इमारती उठू लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकारानं हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. वाड्यांतली माणसं रस्त्यावर उतरली, त्यात कधी मोर्चा न पाहिलेल्या लुगड्यातल्या बायाही होत्या. पुढे २००९मध्ये महानगरपालिका झाली, २०१४मध्ये ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला. आंदोलनानं बरंच वाचवलं, बरंच वाचलं नाही. सगळा दोष बिल्डरांवर टाकणं सोपं आहे. जमिनी आमच्याच घरांनी विकल्या, भावाभावांच्या वाटण्या होऊन चार-चार गुंठे उरल्यावर.

विकताना जे सगळ्यांत आधी गेलं, ते बावखल. वाडीच्या मध्ये किंवा कडेला खणलेलं हे छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, समुद्राचं खारं पाणी विहिरींपासून लांब ठेवायचं. पूर्वी त्यावरच्या रहाटानं शिंपण व्हायचं. पंप आल्यावर बावखल निरुपयोगी वाटू लागलं, डबर टाकून बुजवायला स्वस्त. आमचंही असंच बुजलं आणि त्यावर चार मजली इमारत उभी राहिली. तिथे आता मालवणी आहेत, केरळी आहेत, उत्तर प्रदेशातले दोन भाऊ आहेत, मीरा रोडहून आलेलं एक बोहरी कुटुंब आहे. तळमजल्यावर वाडवळ काकींचा मुलगा, त्याच्याकडे नव्वदीच्या काकी.

जुलै २०१८मध्ये वसई पाण्याखाली गेली. गाड्या बंद, वीज नाही, मिठागराच्या वस्तीत माणसं अडकलेली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी शिरलं आणि सगळे जिन्यावर जमले. पाणी येतंय कुठून, जाणार कुठे, कोणालाच कळेना. काकींना खुर्चीसकट पहिल्या मजल्यावर नेलं होतं, मग तिथून त्यांनी कठड्यावरून बोट करून सांगायला सुरुवात केली. इथं बावखल होतं. तिकडून ओहोळ यायचा, मशिदीमागून वळायचा, तलावाच्या अंगाला जायचा. तो ओहोळ पेव्हर ब्लॉकखाली गेला होता. केरळी शेजाऱ्यानं मोबाइलवर त्याचा नकाशा काढला, दोघा भावांनी पाणी ओसरल्यावर ब्लॉक उचकटून पाहिलं, तर खाली खरंच गटाराचं जुनं तोंड होतं, गाळानं भरलेलं.

ते साफ झालं. आता दर मे महिन्यात, आगोटच्या बाजाराच्या आसपास, सोसायटीची त्यावर मीटिंग होते. गाळ काढायचा खर्च तळमजल्यानं जास्त द्यावा की सगळ्यांनी सारखा, यावर अजून एकमत नाही. काकी म्हणतात, पाणी ज्याच्या घरात शिरतं त्यानं कमी द्यावं, त्याचं आधीच गेलेलं असतं. त्यांचा मुलगा मीटिंगमध्ये हे बोलायला लाजतो, म्हणून बोहऱ्यांची सून बोलते.