गिअरशेजारचा आखूड दांडा

मुंबईत पश्चिम द्रुतगती मार्गाने बोरिवलीच्या दिशेला निघालं की कांदिवलीला पूर्वेकडे आकुर्ली रस्ता लागतो. याच रस्त्यावर महिंद्रांचा कारखाना आहे. आज त्याच्या आजूबाजूला उंच इमारती आहेत आणि त्या इमारतींच्या वाहनतळांत रुंद टायरांच्या, उंच बांध्याच्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या उभ्या असतात. तरुण मंडळी त्यांना 'फोर बाय फोर' म्हणतात. रविवारी पहाटे या गाड्या मुलुंडचा किंवा दहिसरचा नाका ओलांडून चिखलाच्या शोधात निघतात. ज्या शहरात घरापासून कचेरीपर्यंत सगळीकडे डांबर आणि काँक्रीट आहे, तिथल्या माणसाला अशी गाडी का हवीशी वाटते? आणि मुळात ती कुणासाठी बनली होती? आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

ही गाडी युद्धाने जन्माला घातली. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांना विचारणा केली. हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी आणि तिचा पहिला नमुना ४९ दिवसांत हवा, अशी अट होती. ही मुदत पाळली ती बॅन्टम नावाच्या एका लहानशा कंपनीने. २३ सप्टेंबर १९४० रोजी तिने नमुना हजर केला. पण मोठ्या संख्येने गाड्या बनवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. ते काम मिळालं विलीज आणि फोर्ड या कंपन्यांना. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या.

त्याच काळात कैलासचंद्र महिंद्र अमेरिकेत भारतासाठी युद्धसामग्रीच्या खरेदीचं काम पाहत होते. तिथे त्यांनी ही गाडी पाहिली. १९४५ साली त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि गुलाम मोहम्मद यांच्यासह 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी उभी राहिली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. त्याआधीच, १९४७ मध्ये, विलीजच्या ७५ जीप सुट्या भागांच्या रूपात आल्या होत्या आणि मुंबईत त्यांची जोडणी झाली होती. पुढे हळूहळू एकेक भाग इथेच बनू लागला आणि कांदिवलीचं नाव या उद्योगाशी जोडलं गेलं. उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी ही जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे ती त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिली.

या गाडीत वेगळं काय होतं? गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा. जुन्या जीपमध्ये तर असे दोन असत. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. हा दांडा टाकला की ती पुढच्या चाकांनाही मिळते. शिवाय 'लो' नावाची सोय असते. तिच्यात वेग अगदी कमी होतो आणि ओढण्याचा जोर वाढतो. चढणीवर, नदीच्या वाळूत, काळ्या मातीच्या चिखलात याच जोरावर गाडी निघते.

आता गंमत अशी, की जुन्या पद्धतीच्या गाडीत कोरड्या डांबरी रस्त्यावर हा दांडा टाकायचा नसतो. वळणावर पुढची चाकं मोठं वर्तुळ घेतात, मागची लहान. दोन्ही आसांचं फिरणं एकमेकांना बांधलेलं असेल तर कुणाला तरी घसरावं लागतं. चिखलात चाक सहज घसरतं, म्हणून काही बिघडत नाही. डांबर मात्र चाकाला घसरू देत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, टायर झिजतात आणि दातेचक्रांवर ताण येतो. म्हणजे जिथे रस्ता नाही, तिथेच वापरायचं हे साधन आहे.

आणि स्वतंत्र भारतात रस्ता नसलेली गावं उदंड होती. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. ज्यांचं बालपण खेड्यात गेलं, त्यांना गटविकास अधिकाऱ्याची जीप आठवत असेल. धुळीचा लोट दिसला की पोरं वेशीकडे धावत. कधी लस टोचणारे यायचे, कधी तलाठ्यासोबत साहेब पाहणीला यायचे, कधी पोलीस यायचे. सरकार नावाची गोष्ट गावाला प्रथम दिसली ती अनेकदा या गाडीच्या रूपाने. तो आखूड दांडा टाकला जायचा, कारण ओढ्यापलीकडे कुणीतरी वाट पाहत असे.

पुढे रस्ते आले, तसा दांडा मागे पडला. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची वडापची जीप आठवा. माणसं आत, टपावर, मागे लटकलेली. त्यातल्या बहुतेक गाड्या मागच्या दोन चाकांवरच चालणाऱ्या. चार चाकांची यंत्रणा म्हणजे जादा किंमत, जादा वजन, जादा डिझेल. सडक झाल्यावर तो खर्च कोण करणार? २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, त्याच वर्षी बोलेरो आली आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ. जीपची जागा घरच्या कुटुंबाला आरामात नेणाऱ्या गाडीने घेतली. मग गरज संपत आली तेव्हा हौस जागी झाली. २०१० मध्ये 'थार' आली, २०२० मध्ये तिचा नवा, सुखसोयींचा अवतार आला आणि उपनगरातल्या वाहनतळांत तो दांडा परत दिसू लागला.

हौसेला मोल नसतं म्हणतात. पण इथे ते असतं. आधी मोठे टायर येतात. ते बसावेत म्हणून गाडी उंच केली जाते. मग विंच, मग हवा वरून घेणारा स्नॉर्केल. प्रत्येक बदलाची दुसरी बाजू असते. टायरचा घेर वाढला की वेगदर्शक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि ब्रेकवर ताण वाढतो. उंची वाढली की वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. पुढे लावलेल्या लोखंडी बुलबारने पादचाऱ्याला जास्त इजा होते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये त्याविरुद्ध कारवाईचे आदेश दिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावलं. तेव्हा बदल करण्यापूर्वी आरटीओचा आणि विमा कंपनीचा विचार केलेला बरा.

आणखी एक गैरसमज आहे, तो जिवावर बेतणारा. चारही चाकं ओढतात, म्हणून गाडी पाण्यातून हमखास जाईल असं वाटतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. बंद गाडीत अडकून माणसं दगावली. पाणी चढलं की कुठलीही गाडी हलकी होऊन वाहू लागते आणि मग चाकांची ताकद रस्त्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय इंजिनाला हवा लागते. हवेच्या वाटेने पाणी आत शिरलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि आतले दांडे वाकतात. स्नॉर्केलने हवेची वाट उंच होते. पण त्याने गाडीची होडी होत नाही.

म्हणूनच जाणत्या चालकांचा एक दंडक आहे. जाताना शक्यतो दोन चाकांवर जावं, चार चाकं परत निघण्यासाठी राखून ठेवावीत. सुरुवातीलाच चारही चाकं वापरून पुढे गेलात आणि तिथे अडकलात, तर हाताशी काही उरत नाही. म्हणून आधी उतरून वाट पायी पाहावी, एकट्या गाडीने जाऊ नये, ओढताना दोर चासीच्या हुकालाच बांधावा. या साध्या गोष्टी कुठल्याही महागड्या सामानापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आणि एक दंडक जमिनीसाठीही हवा. आपल्याला जो मोकळा चिखल वाटतो, ते कुणाचं तरी भाताचं खाचर असतं. कोकणातल्या वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात. वरून वाळू सपाट दिसते, पण खाली घरटं असतं. सह्याद्रीच्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यावर जगात इतरत्र न उगवणारी फुलं येतात. टायरचा एक चर तिथे वर्षानुवर्षं राहतो. शिकायचंच असेल तर त्यासाठी आखलेल्या जागा आहेत, इगतपुरीजवळ रीतसर प्रशिक्षणही मिळालेलं आहे.

हौस वाईट नाही. डोंगर चढणाऱ्या गाडीचा आनंद खरा आहे आणि यंत्र ओळखून वापरणारा माणूस घडणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण गटविकास अधिकाऱ्याचा चालक ओढ्याकाठी उतरायचा, पँट दुमडून पाण्याचा अंदाज घ्यायचा आणि मगच दांड्याला हात घालायचा. पाणी जास्त असेल तर तो गाडी वळवायचा. त्याला उद्याही त्याच गाडीतून कुठल्यातरी गावी पोहोचायचं असे. आजच्या मालकाने गाडीबरोबर त्याची ही सवयही घ्यावी. ती कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.