टाकलेले पान

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. पण तिचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा असे आहे. या दिवशी घरोघर पत्ते निघतात आणि पत्त्यांबरोबर भांडणही निघते. ‘चुकून पडलं, परत घेतो,’ असे धाकटा म्हणतो. ‘पडलं ते पडलं,’ असे थोरला बजावतो. भांडण क्षुल्लक खरे, पण त्याचे मूळ फार जुने आहे.

आमच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वीकडून वर्धा नदी ओलांडली की अमरावतीच्या बाजूला कौंडण्यपूर लागते. विदर्भाची प्राचीन राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा मानते. इथल्या राजकन्येचा, दमयंतीचा पती नल पुष्कराशी द्यूत खेळला आणि राज्य घालवून बसला. पडलेला फासा त्याने परत मागितला नाही. पुढे ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून तो नव्याने खेळला आणि एकाच डावात सारे परत जिंकले.

कौरवसभेत मात्र डाव संपल्यावर वाद उभा राहिला. धर्मराज स्वतःला आधी हरला असेल, तर द्रौपदीला पणाला लावण्याचा अधिकार त्याला उरला होता काय? विकर्ण म्हणाला, हा पण खराच नव्हे. भीष्मांना निर्णय देववेना. खेळाआधी नियम स्पष्ट नसला म्हणजे ज्ञानी पुरुषही कसे मुके होतात, हे त्या सभेने दाखविले.

कौटिल्याने या बाबतीत संदिग्धता ठेवली नाही. द्यूत एकाच ठिकाणी, अध्यक्षाच्या देखरेखीखाली चालावे. फासे बदलणाऱ्याला बारा पण दंड. आणि कपटाने जिंकलेले काढून घ्यावे, असे अर्थशास्त्र सांगते. खेळणाऱ्यांपैकी कोणी न्यायाधीश होऊ नये, हे त्यामागचे तत्त्व.

पुढे पत्त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला. सिकंदराबादच्या एका क्लबावरील खटल्यात १९६७ च्या नोव्हेंबरात न्या. हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. कोणती पाने पडली हे लक्षात ठेवणे, कोणते धरावे आणि कोणते टाकावे हे ठरविणे, यात कौशल्य आहे. म्हणून रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असे त्यांनी म्हटले. पान टाकणे हीच जर विद्या असेल, तर चुकून टाकलेल्या पानाचे काय?

याचा सर्वांत बारीक विचार पोकरच्या स्पर्धांत झाला आहे. अशा स्पर्धा आपल्याकडे गोव्याच्या कॅसिनोंत भरतात. या खेळाच्या सर्वांत प्रचलित प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेली पाने असतात. डाव सोडणारा ती वाटणाऱ्याकडे सरकवतो आणि वाटणारा ती टाकलेल्या पानांच्या ढिगात मिसळतो. आता एखाद्याने जिंकणारी पाने गैरसमजाने सरकवली, किंवा वाटणाऱ्यानेच ती घाईत उचलली, तर? स्पर्धा चालविणाऱ्यांची एक संघटना २००१ साली स्थापन झाली. अखेरीस पाने दाखविण्याच्या वेळी पालथी टाकलेली पाने आपोआप मरत नाहीत, असा तिचा नियम आहे. ती नेमकी कोणती हे शंभर टक्के ओळखता येत असेल आणि ती परत काढता येत असतील, तर खेळाडू मन बदलून ती मांडू शकतो. ढिगात मिसळली की मात्र संपले. ज्याने पाने रीतसर उताणी मांडली, त्याचा जिंकलेला डाव वाटणाऱ्याच्या चुकीने बुडत नाही. पण ज्याने आपली पाने राखली नाहीत आणि ती वाटणाऱ्याने चुकून उचलून मिसळली, त्याला दाद नाही. त्याच्या ज्या पैजेला कोणी उत्तर दिले नसेल, तेवढीच परत मिळते. म्हणून जाणते खेळाडू पानांवर एक चकती ठेवतात.

हा निवाडा कठोर वाटेल. पण ढिगातून ‘माझे हेच’ म्हणून पान काढू दिले, तर खोटे बोलणाऱ्याचेच फावेल आणि प्रामाणिक खेळाडू नागवला जाईल. चूक ओळखता येते तोवर क्षमा, ओळख पुसली की नियम. आणि तो नियम पाने वाटण्यापूर्वीच सर्वांना सांगितलेला. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा आपल्या संसदेने २०२५ साली केला. पण घरातल्या निरुपद्रवी डावालाही हा न्याय लागू आहे. ‘पडलं ते पडलं’ हे आधी ठरले असेल, तर धाकटाही ते हसत मान्य करतो. डाव पडल्यानंतर केलेला नियम मात्र कुणालाच न्याय वाटत नाही.