येरवड्याची भीती

२०१९ ची गोष्ट. आजी गेल्यानंतर आजोबा हळूहळू गप्प झाले. हरिपाठ सुटला, सकाळची फेरी सुटली. विचारलं तर म्हणायचे, "अन्नाला चव नाही रे." घरात सगळ्यांनी त्याला विरक्ती म्हटलं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने संसारातून मन काढून घ्यावं, हा आपल्याकडे गुणच समजला जातो. मी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं, तेव्हा मात्र कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज चढला : "येरवड्याला पाठवतोस का मला?"

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट सापडली, तर ती काढून टाकण्याआधी कुणी, कधी, का घातली ते शोधतो. तसंच इथे केलं.

आजोबांचा जन्म १९३८ चा. तेव्हा लागू होता १९१२ चा 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट'. स्वेच्छेने दाखल होण्याची सोय त्यात होती, पण कायद्याचा मुख्य रस्ता मॅजिस्ट्रेटच्या हुकुमातून जात असे. रस्त्यावर भटकणाऱ्या 'वेड्या'ला पोलीस धरून नेऊ शकत. नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) इथे मनोरुग्णालयं उभी राहिली होती. पुण्याच्या माणसासाठी येरवडा म्हणजे एकीकडे तुरुंग, दुसरीकडे वेड्यांचं इस्पितळ. आत गेलेला परत येतो, यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

औषध तरी कुठे होतं? इमिप्रमीनचा नैराश्यावर गुण येतो, हे स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी १९५७ मध्ये मांडलं. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे. जुना कायदा बदलणारा नवा कायदा १९८७ मध्ये झाला, पण लागू झाला १९९३ मध्ये. आजोबा पंचावन्न. मानसिक उपचार हा हक्क आहे असं कायद्याने म्हटलं २०१७ मध्ये. आजोबा एकोणऐंशी.

म्हणजे ज्याला मी अडाणीपणा समजत होतो, ती आठवण होती. काळ बदलला, पण ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ही सनावळी मी त्यांच्यापुढे बसून सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "दाराला कुलूप नसतं ना?"

"नाही आजोबा. बाह्यरुग्ण विभाग आहे. तपासून घरी."

बराच वेळाने ते उठले, टोपी घातली. "डॉक्टरला सांग, भूक लागत नाही म्हणून आलोय."

आम्ही तेच सांगितलं. डॉक्टरांनीही केसपेपरवर आधी तेच लिहिलं.